एमएस्सीनंतर पीएचडी करू की बीएड?

प्रश्न : एमएस्सी भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष. गाव नारायणगावजवळ. कांदा काढताना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) तबकड्या समोर वळताना दिसतात. तिथलंच काम करावंसं वाटतं, पण आई म्हणते, बीएड कर, पगार लवकर सुरू होईल. पीएचडीची पाच-सहा वर्षं घर कसं चालेल?

उत्तर : मीही याच फेऱ्यातून गेले. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. माझ्या वेळी पैसे चार महिने रखडले होते, तेव्हा थोडी शिल्लक हवीच. नेटसोबत जेस्टही (भौतिकशास्त्रातल्या पीएचडीची प्रवेश परीक्षा) दे. आणि काम म्हणशील तर त्याच ४५ मीटरच्या ३० तबकड्यांनी पल्सारची (गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्यांची) ठोक्यांसारखी स्पंदनं मोजतात. २०२३ मध्ये या ठोक्यांतल्या सूक्ष्म फरकांवरून गुरुत्वीय लहरींच्या (अवकाश-काळातल्या तरंगांच्या) मंद गुंजनाचा पुरावा जगापुढे आला, त्यात ही मोजणी होती. तुझ्या शेताच्या बांधावरून! आईला एकदा तिकडे घेऊन जा.

उत्तर : सेटही (राज्याची पात्रता परीक्षा) देऊन ठेव, प्राध्यापकीची वाट उघडी राहते. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल.

प्रश्नकर्ता : ताई, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आईला नेतो. जेस्टचा अभ्यास आजपासून.