अनुभव धागा : समुद्रकाठी तंबू टाकताना

ठाणे-नवी मुंबईहून तंबू घेऊन अलिबाग, रेवदंडा, काशीद, अगदी वेळासपर्यंत जाणारे बरेच आहेत. प्रवासवर्णन नको. जागा, भरती, सामान, प्राणी यांबद्दल नेमकं लिहा, नावाऐवजी वर आपलं राहण्याचं ठिकाण टाका.

नेरूळ
आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते : षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पक्ष कुठलाही असो, दिवसातून दोनदा. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, म्हणून भरतीचं कोष्टक जवळ हवंच. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण.

लोक फसतात ते इथे : दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. थंडीत उधाणाची मध्यरात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा बरीच चढी असते. दुपारची ओली रेघ बघून तंबू लावला की रात्री पाणी आत. सुकलेल्या काटक्या, शिंपले, प्लॅस्टिक यांची सगळ्यात वरची रेघ शोधा आणि तिच्याही वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला जा. माडाखाली अजिबात नको. पडणारा नारळ जितका वाईट, तितकीच झावळी.

कोपरी, ठाणे
तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्या वाळूत धरत नाहीत. रिकाम्या पिशवीत तीन-चार किलो वाळू भरा, तोंड आवळा, मध्ये दोरी बांधा आणि दीड फूट खोल आडवी पुरा. वरची वाळू पायाने दाबून ओली करा. दोरी तंबूकडून तिरकी यायला हवी. सरळ वर ओढली तर पिशवी उपटते. चारही बाजूंना ताण द्या, कारण संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून येतात आणि पहाटे मतलई वारे उलटे.

वाशी
वरची जाळी पूर्ण झाकू नका. हवा कोंडली की पहाटे आतून पाणी गळतं आणि दोष दंवाला दिला जातो.

ऐरोली
नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासविणींचा अंडी घालण्याचा हंगाम. वाळूत दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे असलेला रुंद माग दिसला तर त्यावर पाय देऊ नका, जवळ तंबू नको, वन विभागाला किंवा गावातल्या कासवमित्रांना कळवा. पिल्लं उजेडाकडे धावतात. पांढरी बॅटरी, शेकोटी, गाडीचे दिवे यांमुळे ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात आणि कुत्रे, कोल्हे, कावळे टिपतात. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा, तोही जमिनीकडे वळवून. उरलेलं जेवण पुरू नका, कुत्रे तासाभरात उकरतात. डबाबंद करून परत आणा.

घराजवळच तंबू टाकू म्हणणाऱ्यांसाठी : ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो (रोहित पक्षी) अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे मुक्काम नाही. ऐरोलीहून बोटीने दिवसा जा, तेही अर्ध्या भरतीला. ओहोटीत बोट चिखलाला लागते, पूर्ण भरतीत चिखलपट्टे बुडतात आणि रोहित पक्षी तिथून उठतात.

घणसोली
पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, स्वयंपाकासकट. किनाऱ्यालगतच्या विहिरी बऱ्याचदा मचूळ असतात.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघा (ओहोटी भरतीनंतर साधारण सहा तासांनी) आणि पाणी फिरायच्या आत परत या. वाटेतले खोलगट पट्टे सगळ्यात आधी भरतात. किल्ल्यापाशी वाळू कोरडी दिसते तेव्हा मधे गुडघाभर पाणी आलेलं असतं.