मदत हवी आहे: गाडी सुरू होत नाही, फ्युएल पंप गेला म्हणतात

वैतागलेला_पुणेकर:
जरा लवकर सांगा, परवा साताऱ्याला जायचंय. 2016 ची हॅचबॅक, सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पकडत नाही, बॅटरी नवीन आहे. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, साडेआठ हजार, वर मलाच ऐकवतो की टाकी कायम रिकामी ठेवता म्हणून गेला. वडिलांनी अख्खं आयुष्य स्कूटर रिझर्व्हवर चालवली, कधी काही झालं नाही. साडेआठ जास्त आहेत का?

ढोलताशा:
पेट्रोल का डिझेल? किती किमी झाले? सगळं सोडून वडिलांची स्कूटर सांगितलीत.

खोडरबर:
जुन्या स्कूटरला पंप नसतोच हो, पेट्रोल आपोआप खाली कार्बोरेटरमध्ये उतरतं. गाडीचा पंप टाकीच्या आत असतो, पेट्रोल त्याच्या मोटरमधूनच जातं, तेच त्याला थंड ठेवतं आणि तेच वंगण. पेट्रोल तळाला गेलं आणि गाडी घाटात तिरकी झाली की हवा ओढतो आणि तापतो. पाव टाकी ठेवायचीच.

नववर्षे_रिझर्व्ह:
उगाच घाबरवू नका. पंप प्लास्टिकच्या वाटीत बसवलेला असतो, टाकी कमी झाली तरी वाटीत पेट्रोल राहतं. मी दिवा लागल्याशिवाय भरत नाही, 9 वर्षं झाली. आणि तळाचा गाळ ओढला जातो हे तर सांगूच नका, टाकी फुल्ल असली तरी पंप तळातूनच ओढतो.

कोकणी_काकू:
उन्हाळ्यात फुल्ल करू नका हं, स्फोट होतो, व्हॉट्सॅपवर आलंय.

ढोलताशा:
काकू, तो फॉरवर्ड दर उन्हाळ्यात येतो, इंडियन ऑइलने खुलासा केलाय.

खोडरबर:
पुणेकर, नुसती चावी ऑन करा, सेल्फ नको. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घूंऽ आवाज येतो का? नसेल तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघा.

वैतागलेला_पुणेकर:
आवाज नाही. फ्यूज चांगला आहे, हॉर्नचा रिले तसाच दिसला म्हणून काढून तिथे लावला, तरी नाही. गॅसवर टाकावी तर सुरू पेट्रोलवरच होते.

ढोलताशा:
गॅस??? सीएनजी आहे हे आत्ता सांगताय!

वैतागलेला_पुणेकर:
त्यात काय सांगायचं, 2019 ला बाहेरून किट बसवलं. पेट्रोल महिन्याला दोनशेचं टाकतो.

खोडरबर:
घ्या. बाहेरच्या बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असली तरी पेट्रोलचा पंप फिरतच राहतो. तुमचा दोन लिटरात इतकी वर्षं घुसळतोय बिचारा. नवीन टाकाल तेव्हा गॅसवर गेल्यावर पंप बंद करणारा रिले आहे का ते विचारा आणि पाच-सात लिटर तरी ठेवा.

नववर्षे_रिझर्व्ह:
सीएनजीचं वेगळं, मी पेट्रोलबद्दल बोलत होतो.

सीएनजी_प्रेमी:
गॅसवर मायलेज किती देते?

वैतागलेला_पुणेकर:
सीट उचलून पंपाच्या झाकणावर रबरी हातोडीने चार ठोके दिले, लगेच लागली!! नेऊ का साताऱ्याला?

खोडरबर:
अजिबात नको. ठोकून चालू झाला म्हणजे मोटरच अडकतेय. वाटेत खंबाटकीच्या घाटात नाहीतर बोगद्यात बंद पडेल.

कोकणी_काकू:
एसटीने जा, येताना कंदी पेढे आणा.

वैतागलेला_पुणेकर:
ते ठीक आहे, पण साडेआठ हजार जास्त आहेत का ते कोणीच सांगितलं नाही.

सीएनजी_प्रेमी:
मायलेज?