सात वर्षांच्या मुलाला रोज रियाजाला बसवावं का?

कर्वेनगरकरीण: मुलगा दुसरीत आहे, जूनपासून तबल्याच्या क्लासला जातो. तिकडे उड्या मारत जातो, घरी मात्र वाजवायला बस म्हटलं की पोट दुखतं. सासूबाई म्हणतात दामटून बसवा, नवरा म्हणतो आवड असेल तर आपणहून बसेल. मी सासूबाईंच्या बाजूची, पण रोज संध्याकाळी रडारड होते. तुमच्याकडे कसं चालतं?

पेठेतला: सासूबाईंना नमस्कार सांगा. हात वळल्याशिवाय वाजवण्यात गोडी येत नाही आणि रोज वाजवल्याशिवाय हात वळत नाही. पाढे पाठ करताना विचारता का, आवड आहे का म्हणून? रोज 15 मिनिटं, वाटाघाटी बंद.

मुक्तछंद: साफ असहमत. मला असंच बसवून पेटी शिकवली. ‘प्रवेशिका पूर्ण’ ही संगीताची परीक्षा पास झाले आणि त्याच आठवड्यात पेटी माळ्यावर गेली. आता तर दहावीच्या वाढीव गुणांसाठी दुसरीपासून परीक्षांचा हिशेब मांडणारे पालक आमच्याच सोसायटीत आहेत. पोराला चांगलं ऐकवा, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला न्या. ओढ लागली तर बसेल.

पेठेतला: सवाई 1953 पासून चालू आहे. तिथे आईच्या मांडीवर झोपलेली सगळी पोरं वादक झाली असती तर ऐकायला कोण उरलं असतं?

ठेका_धरा: लहान मुलांना शिकवतो म्हणून लिहितो. क्लासमध्ये समोर गुरुजी, शेजारी चार पोरं, साथीला लेहरा (तीच ती फिरणारी सुरावट) चालू. घरी समोर भिंत. 'रियाजाला बस' म्हणजे नेमकं काय करायचं, हेच त्याला कळत नसतं.

आधी तबल्याशिवाय नुसती पढंत करा, म्हणजे तबल्याचे बोल हाताने टाळी देत तोंडाने म्हणा. त्रितालाच्या 16 मात्रा: पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. पोळ्या लाटता लाटता बोल म्हणा आणि मुद्दाम चुका. आईची चूक पकडायला मिळाली की पोरं पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात. बोल तोंडात बसले की मग तबल्यावर तेवढाच ठेका, संथ लयीत. दुगुनीची, म्हणजे दुप्पट लयीची, घाई नको. तबला-डग्गा खोळीत बांधून ठेवू नका, चुंबळीवर मांडलेले असू द्या, जाता-येता हात पडतो.

आणि डग्गा कोणाचा आहे? मोठ्या माणसाचा असेल तर मनगट नीट टेकत नाही, हात भरून येतो. पोट दुखतं म्हणणाऱ्याचं कधी कधी मनगट दुखत असतं.

पेठेतला: म्हणजे फी भरायची, वर आईनेच शिकायचं!

ठेका_धरा: शिकू नका, शेजारी बसा. मोबाइल न बघता.

ताशावाला_काका: गणपतीच्या आधी नदीकाठी पथकांचा सराव सुरू झाला की पोरं तोच तो हात तासन्‌तास घटवतात. कोणी दामटत नाही. मिरवणूक ठरलेली असते ना! याला कुठे वाजवायचंय ते सांगा. घरच्या भजनाला 8 मात्रांचा केरवा धरला तरी पुरे. फक्त पथकात एवढ्या लहानाला नेऊ नका, कानठळ्या बसतात.

मुक्तछंद: हे पटलं. परीक्षेपेक्षा बरं.

पेठेतला: भजनाला तरी हात तयार लागतो. मी 15 मिनिटांवर ठाम.

कर्वेनगरकरीण: डग्गा सासऱ्यांचा आहे, तांब्याचा, चांगला मोठा. उद्याच गुरुजींना दाखवते. सासूबाईंच्या भजनी मंडळात त्याला बसवता येईल, पण त्यांचा तबलजी ठरलेला आहे आणि तो म्हणे कोणाला हात लावू देत नाही.