जुनं एचओ मॉडेल रेल्वे इंजिन: मोटर गुणगुणते, चाक फिरत नाही

प्रश्न (देवगड): सेकंडहँड एचओ (खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापाचं मॉडेल) डिझेल इंजिन बघितलंय. १२ व्होल्ट डीसीवर दिवा लागतो, मोटर गुणगुणते, पण गाडी जागची हलत नाही. घ्यावं का?

उत्तर (चिपळूण): दिवा लागतोय म्हणजे रुळातून करंट आत पोचतोय, अडलंय ते पुढे. कंट्रोलर लगेच बंद करा, अडकलेल्या मोटरची वाइंडिंग जळते. बॉडी काढून फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) बोटाने फिरवा. सगळीकडे सारखंच जड लागलं तर ग्रीस सुकून मेणासारखं झालंय. गिअर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा (रंगाला लागू देऊ नका), पूर्ण वाळवा, मग प्लास्टिकला चालणारं हलकं तेल, टाचणीच्या टोकाएवढंच. गाडीच्या चाकाच्या दर फेऱ्यात एकाच जागी अडत असेल तर ॲक्सलवरचा गिअर तडकला असणार. भिंगातून बघा, दोन दातांच्या मध्ये केसासारखी रेघ दिसते. तो चिकटवून टिकत नाही, बदलावाच लागतो. सुटा गिअर मिळत नसेल तर हे इंजिन घेऊ नका.

उत्तर (मालवण): आपल्या खाऱ्या हवेत चाकांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, त्याही पुसा. पॉलिश पेपर मात्र नको, ओरखड्यांत मळ बसतो. पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच.