पाऊस म्हणजे उंदीर, इतकं सरळ नाही

"पाऊस झाला की वाळवंटात उंदीर वाढतात, विषय संपला" हे नेहमीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. पाऊस, मग गवत, मग बी, मग पिल्लं, यात महिने जातात. उंदीर भरपूर दिसू लागतात तेव्हा जमीन पुन्हा कोरडी झालेली असू शकते.

शिवाय कोण वाढणार, हे शेजारी कोण आहे यावरही ठरतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पोर्टलजवळ जेम्स ब्राउन या पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९७७ साली वाळवंटी जमिनीच्या २४ तुकड्यांना कुंपण घातलं. काही कुंपणांची भोकं मुद्दाम इतकी लहान ठेवली, की अंगाने मोठे कांगारू उंदीर (मागच्या पायांवर उड्या मारत जाणारे) आत शिरू नयेत, छोटे मात्र ये-जा करतील. (किती साधी युक्ती!) तिथे बी खाणारे छोटे उंदीर वाढले. आणखी गंमत म्हणजे बारा वर्षांत तिथल्या झुडपी जमिनीत उंच गवत माजलं, कारण मोठं बी फस्त करणारे आणि माती उकरणारेच गेले होते.

आणि पाऊस दर वेळी लाभतोच असं कुठे आहे? १९९९ साली तिथेच पूर आला. काही जातींचे उंदीर फार मेले, काही निभावले, आणि कोण वरचढ याची सगळी मांडणीच झपाट्याने बदलली.