घरचा संगणक व्हायरसपासून कसा सांभाळता? (अनुभव धागा)

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. घरोघरी मात्र तेच जुने डबे निवांत चालू आहेत. 'कोणता अँटीव्हायरस घेऊ?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून हा धागा. एकच विनंती: 'माझ्या भाच्याचा लॅपटॉप असा गेला' छापाची कहाणी नको. काय करायचं, कुठे क्लिक करायचं आणि काय फसतं, तेवढं लिहा.

खिडकीराव

सुरुवात मीच करतो. विंडोजमध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस आधीपासून आहे आणि घरगुती वापराला तो पुरतो. पैसे देऊन पुण्याचं क्विक हील किंवा आणखी काही घेतलंत तरी हरकत नाही, फक्त दोन अँटीव्हायरस एका वेळी नकोत. एकमेकांच्या फायली तपासत बसतात आणि मशीन रांगायला लागतं. खरी गोची लॅपटॉपबरोबर आलेल्या चाचणी आवृत्तीची. तिची मुदत संपते, पण आयकॉन खाली तसाच बसलेला असतो आणि घरच्यांना वाटतं राखण चालू आहे. ती सरळ अनइन्स्टॉल करा, मशीन रीस्टार्ट करा आणि 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू झालंय का ते डोळ्यांनी बघा.

आता कुणीच न बघणारी जागा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'मॅनेज सेटिंग्ज', तिथे अगदी तळाशी 'एक्स्क्लूजन्स'. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारं टूल चालवताना 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं सांगतात ना, तेव्हा बऱ्याचदा ते टूल अख्खा सी ड्राइव्हच या यादीत टाकून देतं. पुढे तुम्ही कितीही स्कॅन मारा, 'धोका नाही' असंच उत्तर येणार, कारण तिकडे बघायचंच नाही असं डिफेंडरला सांगून ठेवलंय. घरच्या मशीनवर ही यादी रिकामी हवी. ती साफ केली की 'ऑफलाइन स्कॅन' लावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघडी कामं सेव्ह करून मगच बटण दाबा.

झेरॉक्स_कॉर्नर

पेनड्राइव्हवर लिहितो, कारण निम्मी घाण प्रिंटच्या दुकानातून घरी येते.

पेनड्राइव्ह उघडला आणि फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले, तर एकावरही डबल क्लिक नको. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'टार्गेट'ची ओळ वाचा. तिथे फोल्डरच्या पत्त्याऐवजी 'सीएमडी', 'डब्ल्यूस्क्रिप्ट' किंवा 'रनडीएलएल३२' दिसलं की व्हायरस आहे असं समजा. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. नुसतं 'हिडन आयटम्स' चालू करून त्या दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर 'हिडन'च्या जोडीला 'सिस्टिम' हाही शिक्का मारलेला असतो. फोल्डर ऑप्शन्समधल्या 'व्ह्यू' टॅबवर जाऊन 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. मग कधीकधी नावाच्या जागी नुसती मोकळी जागा असलेला एक फोल्डर दिसतो. सगळा माल त्यात कोंबलेला असतो. त्यातले फोटो, पीडीएफ, वर्डच्या फायली तेवढ्या उचला. स्क्रिप्ट, शॉर्टकट, ईएक्सई काहीही उचलू नका. नंतर पेनड्राइव्ह फॉरमॅट, आणि ती खूण परत लावून ठेवा.

हे सगळं टाळायचं तर मायक्रो एसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून न्या. अडॅप्टरच्या बाजूला लॉकची बारीक कळ असते. ती सरकवली की बहुतेक कार्ड रीडर कार्डावर लिहीत नाहीत.

तिरपागडा

खिडकीराव, एक्स्क्लूजन्सवर लाख वेळा सहमत. त्यालाच जोडून, सध्याचा सगळ्यात बेरकी प्रकार. एखाद्या साइटवर 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' अशी चौकट येते. चित्रं ओळखायला सांगण्याऐवजी ती सांगते: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. पानाने तोवर एक कमांड गुपचूप क्लिपबोर्डवर कॉपी केलेली असते. 'रन'ची खिडकी अरुंद, त्यामुळे लांबलचक ओळीचं फक्त शेपूट दिसतं आणि त्या शेपटावर 'मी रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक' असं साळसूद वाक्य लिहिलेलं असतं. डावीकडे सरकून पाहिलंत तर पॉवरशेलची (विंडोजला थेट हुकूम देणाऱ्या प्रोग्रॅमची) कमांड सापडेल. खरा कॅप्चा तुम्हाला ब्राउझरच्या बाहेर कधीच पाठवत नाही.

एंटर दाबून झालं असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही. असले चोर ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड तर नेतातच, वर कुकीही नेतात. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन आहात याचा पुरावा, त्यामुळे पलीकडच्याला ओटीपी लागतच नाही. क्रम असा ठेवा: आधी नेट तोडा. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून मेलच्या खात्यात जाऊन 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा. मग पासवर्ड बदला, मेलचा सर्वात आधी, कारण बाकी सगळ्यांच्या रीसेटच्या लिंक तिथेच येतात. संगणकावर विंडोज नव्याने टाका. त्यासाठी दुसऱ्या मशीनवर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल (संगणक त्यावरूनच सुरू होईल असा) करून घ्या. त्याच रोगट मशीनवर तो बनवण्यात अर्थ नाही.

बॅकअपबाई

रॅन्समवेअर (फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आलं की सगळे डिक्रिप्टर (ते कुलूप काढणारं टूल) शोधत धावतात. त्याआधी दोन मिनिटं थांबा. घरगुती मशीनवर बरीच वर्षं सापडत आलेला प्रकार म्हणजे स्टॉप-डीजेव्हीयू, तो मुख्यतः क्रॅकबरोबर येतो. खंडणीच्या चिठ्ठीत 'पर्सनल आयडी' असतो. त्याची शेवटची दोन अक्षरं 'टी१' असतील तर कुलूप ऑफलाइन किल्लीने घातलेलं असतं. अशी किल्ली अनेकांना सामाईक असते, त्यामुळे ती मिळालेली असेल तर एम्सिसॉफ्टच्या मोफत डिक्रिप्टरने फायली सुटू शकतात. आज सुटल्या नाहीत तरी पुसू नका, चिठ्ठीसकट वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणखी एक: हा किडा प्रत्येक फायलीचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच बिघडवतो. लग्नाचा मोठा व्हिडिओ दुरुस्ती करून बराचसा परत मिळू शकतो. छोटा फोटो मात्र पुरताच जातो.

आधी करायची गोष्ट म्हणजे 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'. डिफेंडरच्याच पानावर 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये आहे आणि मुळात बंद असतं. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर राखले जातात. पण आपल्याकडे सगळा डेटा 'डी' ड्राइव्हवर! तो यात आपोआप येत नाही, 'प्रोटेक्टेड फोल्डर्स'मध्ये हाताने घालावा लागतो. चालू केल्यावर एखादा जुना डीटीपी किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम 'सेव्ह होत नाही' म्हणून कुरकुरेल. त्याला तिथूनच परवानगी द्या. वैतागून अख्खी सोयच बंद करू नका.

बॅकअपसाठी बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. कॉपी झाली की केबल काढायची. जोडून ठेवलेली डिस्क सी ड्राइव्हबरोबरच कुलूपबंद होते. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं सिंक हा बॅकअप नव्हे, बिघडलेली फाइलसुद्धा तितक्याच इमानदारीने वर चढते. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्कवरच्या पाच-सहा फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

राउटरराव

केबलवाला राउटरचा जो डबा बसवून जातो त्याचे पासवर्ड दोन असतात. वायफायचा सगळे बदलतात, डब्याच्या आतल्या पानाचा कुणी बदलत नाही. ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ टाकलं की ते पान उघडतं (पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो). आतला पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वायफाय जोडायची सोय) बंद करा, 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा. डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी ९.९.९.९ किंवा १.१.१.२ घाला. दोन्ही सेवा फुकट आहेत आणि घातक म्हणून माहीत असलेल्या साइट उघडूच देत नाहीत. काही कंपन्यांच्या डब्यात ही सेटिंग कुलूपबंद असते, तिथे विंडोजच्याच नेटवर्क सेटिंगमध्ये बदल करावा लागतो.

सातासमुद्रापार

परदेशातून आईबाबांचा संगणक सांभाळणाऱ्यांसाठी. रोजच्या वापराचं खातं 'स्टँडर्ड' ठेवा, अ‍ॅडमिनचं वेगळं करा आणि त्याचा पासवर्ड फोनवर कुणालाही सांगायचा नाही हे ठरवून घ्या. 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' अशा उजव्या कोपऱ्यातल्या पाट्या बहुतेक वेळा व्हायरस नसतातच. कधीतरी ब्राउझरने विचारलेल्या 'अलाउ'वर बोट पडलेलं असतं. क्रोममध्ये 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स', आणि अनोळखी साइट काढून टाका. पडदाभर भोंगा वाजवणारं पान आलं तर एस्केप दाबून धरा. नाही हटलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. त्यावरच्या नंबरला फोन करायचा नाही.

फोन झाला आणि रिमोट अ‍ॅपही (दुरून संगणक चालवू देणारं) टाकून दिलं, तर वायफाय बंद करा आणि लगेच बँक व १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. अ‍ॅप काढणं, स्कॅन वगैरे त्यानंतर.

लिनक्सकर

विंडोज ११ न झेपणाऱ्या ४ जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घाला. मराठी टायपिंग होतं, ब्राउझिंग होतं. प्रिंटर आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून) तपासून घ्या, घोडं तिथेच अडतं.

झेरॉक्स_कॉर्नर

एक राहिलं. पेनड्राइव्ह नको म्हणून दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडता, ते निघताना तसंच राहतं. फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन लॉग आउट करा, काउंटर सोडायच्या आधी.