मदत हवी आहे: ए३२० निओचं इंजिन सुरू व्हायला इतका वेळ का?

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांना विमानाचं इंजिन कसं सुरू होतं ते शिकवायचंय, आणि एका ठिकाणी जाणकारांची मदत लागणार आहे.

जुन्या एअरबस ए३२० विमानाचा क्रम मला नीट माहीत आहे. शेपटीतल्या छोट्या टर्बाइनची, म्हणजे एपीयूची, दाबाखालची हवा स्टार्टरला मिळते आणि इंजिनाच्या आतला रोटर, म्हणजे फिरणारा भाग, फिरू लागतो. ए३२०च्या सीएफएम५६ इंजिनात या रोटरचा वेग पूर्ण वेगाच्या साधारण १६ टक्क्यांवर गेला की ठिणगी, २२ टक्क्यांच्या आसपास इंधन आणि ५० टक्क्यांना स्टार्टर सुटतो. बोइंग ७८७मध्ये तर या हवेची गरजच नाही, जनरेटरच मोटर होऊन इंजिन फिरवतात. मुलांना हा भाग फार आवडेल.

अडतंय ते निओच्या, म्हणजे ए३२०च्या नव्या आवृत्तीच्या, प्रॅट अँड व्हिटनी इंजिनापाशी. ते बंद केल्यावर गरम हवा वर चढते, रोटरचा वरचा भाग खालच्यापेक्षा गरम राहतो आणि रोटर किंचित वाकतो. म्हणून इंधन देण्याआधी ते नुसतंच फिरवत ठेवतात, हे समजलं. पण किती वेळ फिरवायचं हे नेमकं कशावरून ठरतं? थांब्याच्या वेळेवरून की आतल्या तापमानावरून? आणि रात्रभर थंड झालेल्या इंजिनाला हा वेळ कमी लागतो का?

कुणी लाइन मेंटेनन्समध्ये किंवा कॉकपिटमध्ये असाल तर कृपया सविस्तर सांगा. मुलांना अर्धवट उत्तर द्यायचं नाहीये.